ठाणे-ऐरोली अप-डाऊन आणि खिशातलं सामान

रोजच्या प्रवासात स्वतःच्या सुरक्षेसाठी खिशात-बॅगेत काय ठेवावं, ते सांगणार आहे. आधी माझा मूर्खपणा सांगतो म्हणजे पुढचं पटेल. सात-आठ वर्षांपूर्वी यूट्यूबवर त्या अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून बघून मला पण चढलं होतं, खिशातून एकेक वस्तू निघतेय, घडीचा चाकू, टोकदार लोखंडी पेन, मनगटाला दोरीचं ब्रेसलेट, आणि टेबलावर सगळं कसं ओळीत मांडलेलं. मी पण मागवलं. वर काळी, पट्ट्यापट्ट्यांची मिलिटरीछाप बॅग घेतली आणि पहिल्याच रविवारी मॉलच्या गेटवर मशीन वाजलं. सिक्युरिटीवाल्या काकांनी चाकू बाहेर काढला, मागे बायको, तिच्या मागे सासू-सासरे, त्यांच्या मागे अख्खी लाईन. काका शांतपणे म्हणाले, "हे कशाला लागतं साहेब तुम्हाला?"

माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

तेव्हापासून एकच नियम ठेवलाय, बॅगेत जे काही टाकायचं त्याला आधी काकांचा प्रश्न विचारायचा. छत्री कशाला? पाऊस आहे. टॉर्च कशाला? आमच्या सर्व्हिस रोडला खड्डे आहेत आणि लाईट नाही. उत्तर द्यायला अडखळलात तर ती वस्तू घरी ठेवा.

आता कायद्याचं थोडक्यात, कारण यावर व्हॉट्सॲपवर भयंकर काहीबाही फिरत असतं. लोक म्हणतात नऊ इंचाच्या आतला चाकू चालतो. नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पातं असेल तर शस्त्र कायद्याखाली लायसन्स लागतं हे खरं, पण अर्धंच खरं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ आहे ना, त्याखाली सण, निवडणुका, मोर्चे यांच्या आगेमागे पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात आणि त्यात चाकूच काय, काठ्या-लाठ्या आणि मारायला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू येते. ठाण्यात असे आदेश वरचेवर निघतात, पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात, आपण वाचत नाही. त्यामुळे गुप्ती, रामपुरी, बोटात घालायचा फायटर, ते शॉक देणारं मशीन, या सगळ्याला हात जोडा. स्वतःचा बचाव करायचा हक्क आहेच, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्याच्यावरच आहेत, पण बचावाला लागेल तेवढंच, त्यापेक्षा जास्त इजा नाही, हे पण तिथेच लिहिलंय. आणि माझं मत विचाराल तर चाकू काढला की समोरच्याचा पण निघतो, आणि त्याला सवय असते, आपल्याला नसते.

मग बॅगच्या बाबतीत. साधी ऑफिसची बॅग घ्या, करडी किंवा नेव्ही ब्लू, पंधरा-अठरा लिटरची, कंपनीचा लोगो नको, आयडी कार्डची रिबन बाहेर लोंबकळत नको. ठाण्याला दहा नंबरवर सकाळी पनवेल-वाशी गाडीला जी गर्दी असते त्यात दोनशे बॅगा असतात, तुमची त्यातली दोनशे एकावी दिसली पाहिजे, बस. छातीवर पट्टा येणारी मिळाली तर उत्तम, बऱ्याच बॅगांच्या त्या छातीच्या बकलमध्ये छोटी शिट्टी असते आणि लोकांना वर्षानुवर्षं माहीतच नसतं, आत्ता उठून बघा. नसेल तर वेगळी घ्या, आत गोटी नसलेली, फॉक्स ४० सारखी, कारण गोटीवाली भिजली किंवा आत कचरा गेला की अडकते. शिट्टीवर लोक हसतात. ओरडून घसा पाच मिनिटांत बसतो, शिट्टी तासभर वाजवता येते, आणि बंद लिफ्ट, पडलेली भिंत, धुक्यातला येऊरचा डोंगर, सगळीकडे चालते.

लिफ्टवरून आठवलं. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार, सकाळी दहाच्या सुमाराला विजेचा ग्रिड बसला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद, लोकल जागच्या जागी. मी तेव्हा वर्क फ्रॉम होमवाला, दूध आणायला बनियनवर खाली निघालो होतो आणि चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबली, आत मी आणि शेजारच्या काकू. फोन वर चार्जिंगला. किल्लीला एक अंगठ्याएवढा टॉर्च होता तेवढाच उजेड, काकूंचा श्वास वाढायला लागला होता तो लाईट लागल्यावर जरा खाली आला. चाळीस मिनिटं. आधी त्या टॉर्चवरून घरात माझी टिंगल व्हायची, नंतर काकूंनी स्वतःच्या मुलाला तसाच आणायला लावला.

टॉर्च घेताना ल्युमेनच्या (म्हणजे उजेडाच्या मापाच्या) आकड्याला भुलू नका, दहा हजार ल्युमेन लिहिलेली दोनशे रुपयांची वस्तू म्हणजे थाप. किल्लीला लावायचा असेल तर शंभर-दोनशे ल्युमेन रग्गड आहे, उलट एकदम मंद मोड आहे का ते बघा, कारण चावी शोधायला किंवा डब्यात खाली पडलेलं काही बघायला तोच लागतो आणि बॅटरी पण पुरते. टाइप-सी चार्जिंग, बटणाला लॉक (नाहीतर खिशात चालू राहतो आणि मांडी भाजते, अनुभव आहे), आणि पाण्याचं रेटिंग. आयपीएक्स४ म्हणजे नुसते शिंतोडे, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आपल्या जुलैला सात तरी पाहिजे. फोनचा टॉर्च आहे की, असं सगळे म्हणतात. आहे, पण अंधारात बारा-पंधरा हजाराचा फोन हातात धरून दाखवत चालायचं, हे बाईकवरून येणाऱ्याला आमंत्रणच. कोणी मागे येतंय असं वाटलं तर सरळ वळून त्याच्या तोंडावर लाईट मारा आणि मोठ्याने "काय पाहिजे?" विचारा, अंधाराला सरावलेले डोळे दोन-चार सेकंद दिपतात, तेवढ्यात आपण दुकानाच्या उजेडाकडे. तो फडफडणारा स्ट्रोब मोड मला उगाच वाटतो, तो शोधण्यातच वेळ जातो.

पेपर स्प्रे. याला लायसन्स लागत नाही, ऑनलाइन मिळतो, काही मेडिकलवाल्यांकडे पण असतो. आत मिरचीचा अर्क असतो, साधारण दोन-तीन मीटर जातो. दोन प्रकार बघायचे, एक धुक्यासारखा पसरणारा आणि एक सरळ धार मारणारा. धारवाला घ्या. का ते आमच्या वहिनीला विचारा, तिने नवा स्प्रे ट्राय करायला गच्चीवर नेला, जून महिना, वारा खाडीकडून, आणि तिने वाऱ्याच्या तोंडावर धुकेवाला मारला. ती, मी, आणि पापड वाळत घालणाऱ्या तिसऱ्या मजल्याच्या आजी, तिघं खोकत खाली. डोळे चोळू नका, थंड पाण्याची धार सोडत राहा, जोरजोरात उघडझाप करा, अर्धा-पाऊण तास त्रास होतो मग उतरतो. तर ट्राय जरूर करा पण मोकळ्यावर, वारा पाठीवर घेऊन, आणि अर्धा सेकंदच. रिक्षात, लिफ्टमध्ये, लोकलच्या डब्यात मारलात तर सगळ्यांबरोबर तुम्ही पण बसाल रडत. विमानात केबिन बॅगेत अजिबात चालत नाही, पुण्या-गोव्याला उडायच्या आदल्या रात्री बॅग रिकामी करून बघा. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, गॅसचा डबाच आहे तो.

पण स्प्रेचं खरं गणित जागेचं आहे. वहिनी रात्री साडेदहाला रबाळ्याहून निघते, एमआयडीसीतला तो रस्ता स्टेशनपर्यंत सामसूम असतो, आणि तिचा स्प्रे कुठे होता तर पर्समध्ये, पर्स बॅगेत, बॅगेची चेन मागे. म्हटलं, अंगावर येणाऱ्याला थांब म्हणणार आहेस का? आता गेटमधून बाहेर पडतानाच मुठीत असतो, मूठ जॅकेटच्या खिशात. दिसत काहीच नाही. घरी करून बघा, बॅग खांद्यावर घेऊन, एका हाताने, न बघता, वस्तू बाहेर यायला किती वेळ लागतो. दोन सेकंदांच्या वर गेला तर खिसा बदला. पिन ओढली की किंचाळणारा तो पर्सनल अलार्म पण हाच नियम पाळतो, बॅगेच्या पट्ट्यावर बाहेर, टेडीच्या आकाराचे मिळतात, कोणाला कळत पण नाही. ज्यांना स्प्रे मारायचा धीर होणार नाही, त्यांना मी अलार्मच घ्यायला सांगतो.

छत्रीबद्दल मी तासभर बोलू शकतो. तीन घडीची विसरा, लांब दांड्याची काळी छत्री घ्या, आजोबांकडे असायची तशी, फक्त काड्या फायबरच्या बघा. जांभळी नाक्याच्या बाजारात उघडून, उलटी करून, हलवून घेता येते, ऑनलाइन नाही घेता येत. पावसाचे चार महिने कोणी ढुंकून बघत नाही तुमच्याकडे. कुत्री अंगावर आली तर पळायचं नाही, थांबायचं आणि छत्री पुढे धरून फाटकन उघडायची, समोर एकदम भिंत उभी राहिल्यावर ती दबकतात, घोडबंदरला मेट्रोच्या पत्र्यांच्या बाजूने रात्री चालणाऱ्यांना हे सांगायला नको. कोणी अंगचटीला यायला लागलं तर मधे दांडा आडवा, हातभर अंतर राहतं. आणि तुंबलेल्या पाण्यात पाऊल टाकायच्या आधी दांडा टाकून बघायचा. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, गाडी सोडून घराकडे चालत निघाले होते. त्यानंतर मी पाण्यातून चालताना दांडा टेकल्याशिवाय पुढे जात नाही, आणि शक्यतो जातच नाही.

फोन आणि पैसे. पॉवर बँक दहा हजार एमएएचची घ्या, बीआयएसचा (सरकारी मानकाचा) शिक्का बघून. दहा हजार लिहिलं तरी फोनमध्ये सहा-साडेसहा हजारच पोहोचतात, बाकी उष्णतेत जातात, म्हणजे एकदा पूर्ण आणि वर थोडं, तेवढं पुरे. फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी एसओएस चालू करा, बऱ्याच फोनमध्ये पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं की लागतो. ११२ सगळ्यासाठी, रेल्वेत मदतीला १३९, रेल्वे पोलिसांचा १५१२, ॲम्ब्युलन्स १०८. हे नंबर आणि घरच्या दोघांचे नंबर कागदावर लिहून पाकिटात, कारण बायकोचा नंबर मला पाठ नव्हता हे मला फोन गेल्यावर कळलं. हो, गेला. कळव्याच्या पुढे दारात उभा होतो, रुळाच्या बाजूने काठी आली, मनगटावर बसली आणि फोन खाली. फटका गँग. दारात फोन काढायचाच नाही, यावर कुठलंही गॅजेट नाहीये. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, मात्र आजच लिहून ठेवा, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो, तक्रार केल्यावर संचार साथी या सरकारी पोर्टलवरून फोन ब्लॉक करता येतो. आणि कोणी गळ्यातलं, हातातलं ओढलं तर सोडून द्या हो, बाईकच्या मागे फरफटत जाण्याएवढं काहीच महाग नसतं.

पाचशेची एक आणि दहा-वीस-पन्नासच्या मिळून दोनेकशेच्या नोटा, आयडीच्या झेरॉक्सबरोबर झिपलॉकच्या पिशवीत. नेटवर्क गेलं की रिक्षावाल्याला यूपीआय दाखवून उपयोग नाही. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, मी कॉलेजातून मुलुंडमार्गे चालत ठाण्याला आलो, खिशात शंभरची एकच नोट, भिजून लगदा, आणि टपरीवाल्याने तशाच नोटेवर वडापाव दिला म्हणून त्याचा चेहरा अजून आठवतो. बॅगेच्या आत एक मोठी काळी कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी घाला, वरून घालायच्या रेनकव्हरपेक्षा दहापट भारी, पाठीकडून पाणी शिरतच नाही.

औषधांचं जास्त ताणत नाही. क्रेप बँडेज एक, जाळीचे निर्जंतुक पॅड दोन-तीन, हातमोज्यांची जोडी, ओआरएसची दोन पाकिटं, स्वतःच्या रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या. रक्त येत असेल तर पॅड ठेवून घट्ट दाबून धरायचं आणि सारखं उघडून बघायचं नाही, एवढं जमलं तरी खूप. अपघातग्रस्ताला मदत केली म्हणून तुम्हाला अडकवता येत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तसं कलमच आलंय, तेव्हा बघ्यांमधून पुढे व्हा.

आणि बूट. यावर कोणी व्हिडिओ करत नाही. ऑफिसच्या गुळगुळीत चामड्याच्या तळव्यांनी ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाच्या ओल्या जिन्यावर पळून दाखवा, मग बोलू. रबरी सोल, पाय घट्ट धरणारे, काळे, ऑफिसात चालतील असे. हिल्स घालणाऱ्यांनी त्या बॅगेत टाका आणि प्रवासाला सपाट घाला, वहिनी तसंच करते.

दर तीन महिन्यांनी सगळं पलंगावर ओता. स्प्रेवर एक्स्पायरी मार्करने मोठी लिहा, मुदत संपली की फेकायच्या आधी वर सांगितल्यासारखा एकदा मारून बघा, हात बसतो. टॉर्च चार्ज, गोळ्या बदला, नोटा कुबट झाल्या असतील तर खर्च करून नव्या ठेवा. माझ्या मागच्या वेळच्या ढिगात ते टोकदार लोखंडी पेन पुन्हा सापडलं, कसं काय राहिलं होतं कोण जाणे. मुलीने विचारलं, "बाबा, हे कशाला?" म्हटलं, "लिहायला." तिने कागदावर घासून बघितलं, रिफिल वाळली होती.