कोळंबीतलं आर्सेनिक: एकूण आकड्यावर थांबू नका

एकूण आर्सेनिकचा आकडा पाहून कुणी ‘कोळंबी विषारी निघाली’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. समुद्री मासळीत बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबिटेन या सेंद्रिय संयुगाच्या रूपात असतं आणि शरीर ते जसंच्या तसं लघवीवाटे टाकून देतं. घातक असतं ते असेंद्रिय, म्हणजे तीन आणि पाच संयुजेचं. ते किती, हे शोधायचं तर रूपं वेगळी करावीच लागतात.

कोळंबी घरी खातो तशीच सोलायची, काळा धागा काढायचा. फ्रीझ ड्राय (गोठवून सुकवणं) करण्याआधी आणि नंतर वजन घ्यायचं, कारण निकाल ओल्या वजनावर द्यायचा असतो. मग बारीक पूड. त्यातली 0.2 ग्रॅम नळीत घेऊन 0.1 मोलर नायट्रिक आम्ल आणि 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं 10 मिली द्रावण घालायचं. फेस बसू द्यायचा, मग 90 अंशांच्या वॉटर बाथमध्ये एक तास. सेंट्रिफ्यूज, फिल्टर, झालं.

पेरॉक्साइडवर काटकसर नको. रूपं वेगळी करणाऱ्या अॅनायन कॉलमवर तीन संयुजेचं आर्सेनिक सुरुवातीलाच, आर्सेनोबिटेनला खेटून बाहेर येतं, आणि कोळंबीत आर्सेनोबिटेनचा पीक (आलेखातला उंचवटा) डोंगराएवढा असतो. पेरॉक्साइडने तिनाचं पाच होतं. पाचवालं शेवटी, मोकळ्या जागेत येतं. दोन्ही असेंद्रिय रूपं एकत्र मोजली जातात, आपल्याला तेच हवंय.

पुढे आयसीपी-एमएस, म्हणजे अणू वस्तुमानावरून मोजणारं यंत्र; आर्सेनिकचं वस्तुमान 75. इथे मीठ घोळ घालतं: आर्गॉन आणि क्लोरीन जोडून नेमकं 75 होतं. ही जोडी अडवायला यंत्राच्या सेलमध्ये हेलियम सोडायचाच. शिवाय आर्सेनिक नसलेलं मिठाचं पाणी एकदा इंजेक्ट करून बघायचं, उंचवटा कुठे येतो ते. आर्सेनिकचा हायड्राइड वायू करून मोजायच्या जुन्या पद्धतीत वेगळाच फसवा प्रकार: आर्सेनोबिटेनचा हायड्राइड बनतच नाही, त्यामुळे ते आधी पुरतं फोडलं नाही तर एकूण आर्सेनिकच कमी दिसतं.

माझी फजिती सांगते. एकदा सगळ्या रूपांची बेरीज एकूण आर्सेनिकच्या दुपटीवर गेली. अख्खा दिवस कॉलम धुतला, नवे ब्लँक (नमुन्याशिवायची चाचणी) केले. चूक वहीत होती: आर्सेनोबिटेनचा रेणुभार 178, त्यात आर्सेनिक 75, म्हणजे जेमतेम 42 टक्के, आणि मी स्टँडर्ड (तुलनेसाठीचं ठाऊक प्रमाणाचं द्रावण) अख्ख्या रेणूच्या वजनाने मांडलं होतं. तेव्हापासून बाटलीवर मार्करने मोठ्ठं लिहिते, ‘आर्सेनिक म्हणून’. बेरीज आणि एकूण यांचा ताळा मात्र प्रत्येक खेपेला करायचा. तो केला नसता तर ही चूक सापडलीच नसती.

असेंद्रियचा पीक इवलासा असला तर त्याच अर्कात पाच संयुजेचं थोडं स्टँडर्ड टाकून पुन्हा चालवायचं. तोच पीक वाढला तर ठीक. शेजारी नवा उगवला तर आधीचा दुसऱ्याच कशाचा तरी होता.

तिसऱ्यांत (शिंपल्यांत) आणि कालवांत आणखी पीक दिसतात, बरेचदा आर्सेनोशुगरचे, म्हणजे साखरेला जोडलेल्या आर्सेनिकचे. त्यांचं स्टँडर्ड हाताशी नसेल तर अहवालात ‘अनोळखी’ लिहायचं आणि वेळ नोंदवायची. अंदाजाने नाव द्यायचं नाही.