तीन वायफाय बॉक्स लावूनही मागच्या पडवीत कॉल का अडकतो

आमचं गावचं घर रत्नागिरीकडचं, चिऱ्याचं. पुढे ओटी, मधे माजघर, मग स्वयंपाकघर, मागे पडवी आणि वर माळ्यावर एक खोली काढलीय तिथे बसून मी ऑफिसचं काम करतो. भिंती चांगल्या वीतभर जाड. नेट जोडायला आलेल्या पोराने राउटर ठेवला ओटीवर, शोकेसच्या आत, टीव्हीच्या मागे, कारण त्याची वायर तिथपर्यंतच पुरली. मग मी दोन ॲक्सेस पॉइंट (राउटरचं नेट घेऊन पुढे वायफाय देणारे बॉक्स) अजून आणले, एक माळ्यावर, एक मागच्या पडवीत, तिन्हीची पॉवर फुल केली आणि खूश झालो. दोन दिवसांनी पडवीत बसून व्हिडिओ कॉल चालू आणि समोरचे म्हणतायत तुझा आवाज तुटतोय, वर बघितलं तर डोक्यावर चार हातांवर ॲक्सेस पॉइंट लुकलुकतोय आणि फोन मात्र अजून ओटीवरच्या राउटरला गोचिडासारखा चिकटलेला!

तर पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, कुठल्या बॉक्सला धरायचं ते फोन ठरवतो, बॉक्स नाही. बॉक्स फार तर सुचवू शकतो. आयफोनचं उदाहरण घ्या, धरलेला सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलचं माप, पुढे सांगतो) खाली गेला की मगच तो दुसरा बॉक्स शोधायला लागतो, आणि नवा निदान ८ ने बरा असेल तर उडी मारतो (फोन नुसता पडून असेल तर १२ ने). मॅकबुक त्याहून आळशी, ते उणे ७५ पर्यंत हलत नाही. अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक तऱ्हा वेगळी. म्हणजे ओटीवरचा राउटर बोंबलून बोंबलून पडवीत उणे ६८ पोचवत असेल तर फोनच्या मते सगळं आलबेल आहे, तो कशाला हलेल?

आता हे डीबीएम म्हणजे काय तर आकडा उणे असतो, शून्याकडे जितका जवळ तितका सिग्नल तगडा, आणि ३ ने घसरला की ताकद निम्मी. उणे ५० झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला व्हॉट्सॲपचा मेसेज जाईल पण कॉलच्या नादाला लागू नका. फोनवरच्या कांड्या बघून काही ठरवू नका, त्या मनाला वाटेल तशा दिसतात. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर टाईपचं कुठलंही ॲप घ्या. आयफोनवर तशी ॲप चालत नाहीत पण ॲपलचंच एअरपोर्ट युटिलिटी आहे, ते टाकून फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यातला वायफाय स्कॅनर चालू करा. मॅकवर तर ऑप्शन बटण दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं तरी आकडा दिसतो.

मग घरभर फिरा, वही घेऊन. मी बाकीचे दोन्ही बंद करून फक्त ओटीवरचा चालू ठेवला, ५ गिगाहर्ट्झवर (वायफायचे दोन पट्टे असतात, हा कमी लांब जाणारा, दुसरा २.४ चा लांब पोचणारा) आकडे आले ते असे: ओटी उणे ४२, माजघर उणे ५८, स्वयंपाकघर उणे ७३, पडवी उणे ८६. एकेका भिंतीला साधारण पंधरा गेले. शोकेसमधून राउटर बाहेर काढून वर भिंतीवर ठोकला तर माजघरात सरळ ६ ने सुधारला, फुकटात. आणि हो, कोकणात असाल तर पावसाळ्याची सोय धरून ठेवा, चिरा पाणी पितो आणि पाणी सिग्नल खातं, मे महिन्यात जेमतेम जमलेलं जुलैत जमत नाही.

सेटिंगला हात लावायच्या आधी वायर बघा. ॲक्सेस पॉइंटला मागून वायर नसेल, तो हवेतूनच सिग्नल घेऊन हवेतच पुढे ढकलत असेल, तर एकाच रेडिओवर दोन्ही कामं म्हणजे स्पीड अर्ध्यावर आलाच समजा. मेशवाले (आपसात हवेतून जोडून घेणारे) तीन बॉक्सचे सेट येतात त्यांनाही वायर जोडता येते, जोडाच. कॅट सिक्स नावाची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएस) देते, घरात तेवढं लागतच नाही. फक्त शुद्ध तांब्याची बघून घ्या, स्वस्तात मिळते ती आतून ॲल्युमिनियमची असते. माझ्या माळ्यावर स्पीड ९४ एमबीपीएसच्या वर जाईना, मी आठवडाभर चॅनेल (वायफाय ज्या लेनमधून बोलतो ती) बदलत बसलो, शेवटी कळलं की कनेक्टर मारताना आठातली एक तार बसलीच नव्हती. गिगाबिटला आठही तारा लागतात, एखादी सुटली की लाईन मुकाट्याने १०० वर येते, कुठे काही एरर नाही काही नाही. तेव्हा नव्वदच्या घरात स्पीड अडकला की आधी कनेक्टर कापून नवा मारा.

जुना राउटरच ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरणार असाल तर त्यात ॲक्सेस पॉइंट मोड असतो का बघा. नसेल तर त्याचं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याला वेगळा आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता द्या (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १.२, पुढच्याला १.३, आणि मुख्य राउटर १.१०० पासून पुढेच पत्ते वाटेल असं बघा), आणि वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरच्या नेटसाठीचा) न खोचता लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांसाठीचा) खोचा. हे केलं नाही तर दोन राउटर दोघेही स्वतःला घरचा कारभारी समजतात आणि ओटीवरच्या फोनवरून माळ्यावरचा प्रिंटर दिसत नाही.

नाव आणि पासवर्ड तिन्हीकडे एकच ठेवा, अक्षर न अक्षर, आणि सिक्युरिटीचा प्रकारही एकच. एकीकडे डब्ल्यूपीए टू आणि दुसरीकडे डब्ल्यूपीए थ्री (हे सिक्युरिटीचे प्रकार) केलंत तर फोन मधेच अडखळतो. ओटी वायफाय, माळा वायफाय अशी नावं ठेवणारे असतात, त्यांना मग दिवसभर हाताने बदलत बसावं लागतं.

चॅनेलचं बघू. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा आणि तीन बॉक्सना १, ६, ११ वाटून टाका, यातच एकमेकांवर पाय पडत नाही. आपल्याकडे १३ पर्यंत चालतं पण अमेरिकेहून भावाने आणलेला लॅपटॉप १२-१३ वर दिसेलच असं नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये २.४ ची हालत लक्ष्मी रोडच्या गर्दीसारखी असते, शेजाऱ्यांचेच पंधरा-वीस दिसतात, तिथे २.४ फक्त स्मार्ट प्लग आणि कॅमेऱ्यांना सोडून द्या. ५ गिगाहर्ट्झवर लोक ८० रुंदी लावतात कारण बॉक्सवर मोठा आकडा छापलेला असतो. पण बिनकटकटीचे ८० चे पट्टे दोनच, ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१, बॉक्स तीन. मधल्या ५२ ते १४४ मध्ये जागा भरपूर आहे पण बरेच राउटर तिथे चालू व्हायच्या आधी निदान मिनिटभर रडार आहे का ते ऐकत बसतात आणि नंतर कधी रडार वाटलं की चॅनेल सोडून पळतात, भर मीटिंगमध्ये. म्हणून मी ४० केलं: ओटी ३६, पडवी ४४, माळा १४९. वायफाय सिक्सचा (वायफायची नवी पिढी) फोन ४० वर सुद्धा ५७४ एमबीपीएसची लिंक दाखवतो, हातात त्याच्या निम्म्याला थोडं वर मिळतं, आणि माझा प्लॅनच २०० चा आहे.

आता मुख्य औषध, पॉवर कमी करा. हो, कमी. बॉक्स ओरडू शकतो पण फोनचा आवाज बारीकच, त्यामुळे फुल पॉवरवर फोनला बॉक्स ऐकू येतो पण बॉक्सला फोन ऐकू येत नाही, आणि तुमचा आवाज तुटतो तो नेमका इथे. मी ५ गिगाहर्ट्झ मध्यमवर आणि २.४ एकदम लोवर ठेवलं, २.४ साधारण ६ ने खाली असावं कारण ते लांब पोचतं आणि फोन त्याच्याच मोहात पडतो. नेम असा धरा की दोन बॉक्सच्या मधल्या दारात दोघेही उणे ६७ च्या आसपास दिसावेत. आमच्यात ती जागा म्हणजे स्वयंपाकघराचा उंबरठा. पहिल्या दिवशी घरात बोंब झाली की नेट कमी केलंस, मग कोणी काही बोललं नाही.

त्यानंतर बॉक्सच्या सेटिंगमधले ८०२.११ के आणि व्ही हे पर्याय चालू करा, त्यांनी बॉक्स फोनला शेजारच्यांची यादी देतो आणि जा बाबा तिकडे असं सुचवतो. ८०२.११ आर ने उडी पटकन होते, पण जुने प्रिंटर आणि फोन आर चालू असताना जोडलेच जात नाहीत, तसं झालं तर ते बंद. काही बॉक्समध्ये किमान सिग्नलची सोय असते, उणे ७८ च्या खाली गेला की हाकलून दे अशी. जपून वापरा, उणे ७० वगैरे लावलंत तर कोपऱ्यातला कॅमेरा दर मिनिटाला हाकलला जाईल.

कोकणवाल्यांसाठी एक वेगळं. अंगणापलीकडच्या पंपाच्या खोलीपर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका, जूनच्या नाहीतर ऑक्टोबरच्या गडगडाटात पोर्ट जळतात. माझे दोन गेले. तिथे फायबर न्या, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडून देणारा डबा) लावा. आणि लाईट गेल्यावर फक्त राउटरला बॅकअप देऊन भागत नाही, ॲक्सेस पॉइंटला आणि मधल्या स्विचलाही (केबली एकत्र जोडणारा डबा) लागतो, छोटे यूपीएस घेताना अडॅप्टर ९ व्होल्टचा की १२ चा ते वाचून घ्या.

झालं की तपासा. फोनवरून मुख्य राउटरला पिंग लावा (एखादं पिंग ॲप घेऊन, ते सारखं हाक मारून उत्तर येतंय का बघतं), आयपी १९२.१६८.१.१, आणि ओटीवरून पडवीपर्यंत रमतगमत चालत जा. माझं आता उंबरठ्यापाशी एखाद-दुसरं पिंग हुकतं, आधी स्वयंपाकघरापासून पुढे दहा-दहा जात होते. आईचा जुना फोन तेवढा अजून ओटीचाच हट्ट धरतो, तिला सांगून ठेवलंय, पडवीत आलीस की वायफाय एकदा बंद-चालू कर.