बशी आधी उलटी करा, भाव मग बोला

देवळाली कॅम्पातला एखादा जुना बंगला रिकामा झाला की तिथल्या चिनी मातीच्या बशा, सूपच्या प्लेटा, झाकणाचे वाडगे नाशिकच्या जुन्या सामानाच्या दुकानांत येतात. विकणारा म्हणतो, "ताई, शंभर वर्षांची आहे." वय मी बशीलाच विचारते. ती उलटी करते.

शिक्क्यात नुसतं 'इंग्लंड' असेल तर ती साधारण १८९१ नंतरची. त्या वर्षी अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, आणि इंग्लिश कारखान्यांचं ते मोठं गिऱ्हाईक. 'मेड इन इंग्लंड' बहुतेक विसाव्या शतकातलं. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची. 'डिशवॉशर' हा शब्द दिसला की शंभर वर्षांची गोष्ट तिथेच संपली. शिक्का नाही म्हणून जुनी, असं मात्र धरू नका. कलकत्त्याच्या बंगाल पॉटरीजचा माल मिळाला तर हलका समजू नका. मला तो इंग्लिश बशीइतकाच मोलाचा वाटतो.

मग बशी खिडकीशी धरा. मागच्या बोटांची सावली दिसली तर बोन चायना किंवा पोर्सिलेन. साध्या जाड मातीतून उजेड येत नाही. नक्षी भिंगातून बघा: छापील नक्षीत बारीक ठिपके किंवा सांधा सापडतो, हाताच्या कामात कुंचल्याचे फटकारे.

भाव खरा ठरतो तो अवस्थेवर. माठ घेताना मारतो तशी टिचकी मारा. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा असू शकतो. काठावरून बोट फिरवा, उडालेला टवका डोळ्याआधी बोटाला कळतो. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली डागडुजी बऱ्याचदा वेगळी चमकते. झाकणं, सॉसची भांडी, मोठी ताटं आधी फुटतात, म्हणून ती शाबूत असतील तर सेटची किंमत चढते. सुट्या प्लेटा स्वस्तच जातात. ऑनलाइन बघताना मागितलेली किंमत सोडा, तसाच नग प्रत्यक्ष कितीला विकला गेला ते शोधा.

चकाकीवर जाळीदार भेगा असतील तर त्यात कढी-लोणचं वाढू नका. जुन्या चकाकीत आणि रंगांत शिसं असू शकतं. सोनेरी काठ असेल तर घासणी नको. कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरतं.