चष्म्याचा नंबर काढायला जाण्याआधी

आमचे तासगावचे काका नवा बायफोकल घेऊन आले आणि आठ दिवसांत तो कपाटात गेला. नंबर बरोबर होता. पण द्राक्षाची विरळणी करताना मांडवाखाली मान वर करून घड बघायचे, आणि बायफोकलमध्ये जवळचं बघायची काच असते खाली! काकांनी काम सांगितलं नव्हतं, तपासणाऱ्यानं विचारलं नव्हतं.

म्हणून सांगली-मिरजेला डोळे तपासायला निघालात, तर आधी हे ठरवून जा: मी दिवसभर काय बघतो आणि किती अंतरावरून? मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याचं ‘जवळ’ वेगळं, हळदीच्या पेढीवर संगणकासमोर बसणाऱ्याचं वेगळं. जमलं तर घरीच टेपनं अंतर मोजून घ्या.

कोणाकडे जायचं? नंबर, चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स यासाठी ऑप्टोमेट्रिस्ट. औषधोपचार आणि ऑपरेशन नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांकडे. अचानक दिसेनासं झालं, डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं वाटलं, विजेसारख्या चमका दिसल्या किंवा डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर चष्म्याच्या दुकानात वेळ घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळ्यात चुना किंवा फवारणीचं औषध गेलं, तर आधी स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं सलग धुवा, मग लगेच दवाखान्यात जा.

निघताना जुना चष्मा घ्या, दांडी तुटलेली असली तरी. जुना कागद आणि चालू औषधांची नावंही घ्या. मधुमेह असेल तर जरूर सांगा. साखर फार वरखाली होत असली की नंबरही बदलतो. ती आटोक्यात आल्यावर काढलेला नंबर टिकतो. शिवाय मधुमेहींनी वर्षातून एकदा डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी करून घ्यायलाच हवी. त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातले, तर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सोसत नाही. सोबत कुणाला तरी न्या, गाडी स्वतः चालवू नका.

खुर्चीत बसल्यावर आधी मशीनमधून नंबराची चिठ्ठी निघते. ती नुसती सुरुवात. तेवढ्यावर कुणी चष्मा करून देत असेल, तर ‘काचा लावून बघा’ म्हणून स्पष्ट सांगा. ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलत ‘ही बरी की ही?’ विचारतात, तेव्हा बरेच जण परीक्षेला बसल्यासारखे घाबरतात. दोन्ही सारख्या वाटल्या तर ‘सारखंच’ म्हणा. तेही उत्तरच आहे. डोळे बारीक करून अक्षर ओढून वाचू नका, आणि एक डोळा झाकताना तो दाबू नका. वाचता येत नसेल तर लाजू नका, दिशा दाखवायचा तक्ता असतो.

लहान मुलांचा नंबर बरेचदा थेंब घालून काढतात, कारण मुलं नकळत डोळ्यांवर ताण देतात आणि नंबर चुकतो. त्याला नाही म्हणू नका. एक डोळा आळशी राहिला, म्हणजे नीट बघायला शिकलाच नसेल, तर तो सात-आठ वर्षांच्या आत सापडणं फार मोलाचं.

कागद मागून घ्या. त्यावर ६/६ दिसलं तर सहा मीटरवरून निरोगी डोळ्याला दिसणारी ओळ तुम्हालाही दिसली. ६/१२ म्हणजे निरोगी डोळ्याला बारा मीटरवरून दिसणारं अक्षर तुम्हाला सहावरून दिसलं. सिलिंडर नंबर, म्हणजे डोळ्याच्या बाकाचा तिरकस दोष काढणारा नंबर, असेल तर त्यापुढे १ ते १८० मधला अ‍ॅक्सिस, म्हणजे ती काच कोणत्या कोनात बसवायची तो आकडा, असलाच पाहिजे. दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, मिलिमीटरमध्ये लिहून मागा. हे बरेचदा राहून जातं.

नवा चष्मा घातल्यावर सुरुवातीचे काही दिवस फरशी तिरकी वाटू शकते. आठ-दहा दिवसांनंतरही डोकं दुखत असेल, तर चष्मा आणि कागद घेऊन परत जा आणि काचेतला नंबर लेन्समीटरवर मोजून दाखवायला सांगा. काका असेच परत गेले. आता विरळणीसाठी त्यांच्याकडे हातभर अंतराचा, एकाच नंबराचा वेगळा चष्मा आहे. तो मांडवाच्या तारेला अडकवलेला असतो.