झूम लेन्सचे फोटो अचानक ब्लर येतायत? आधी हे तपासा

लेन्स जरा मऊ वाटली, म्हणजे फोटो शार्प येईनासे झाले, की फोटोग्राफीच्या ग्रुपवर पहिला सल्ला ठरलेला, 'लेन्स गेली, विकून टाक'. अजिबात ऐकू नका. आधी फोटो शंभर टक्के मोठा करून ब्लर कसला आहे ते बघा.

फ्लेमिंगो ब्लर पण पुढचा चिखल शार्प, म्हणजे फोकस चुकलाय. एकच बाजू मऊ, तर आतली काच सरकली असेल. सगळंच धुरकट असेल तर फिल्टर काढा, टॉर्च मारून बुरशी बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती लागतेच. एसी गाडीतून नवी मुंबईच्या पाम बीच रोडला उतरल्या उतरल्या काढलेले फोटो तर धरूच नका, काचेवर वाफ धरलेली असते. आणि भर उन्हात खाडीच्या चिखलावरची हवा थरथरते, त्यावर दोन लाखांची लेन्सही काही करू शकत नाही, जवळच्या वस्तूचा फोटो काढून बघा, लगेच कळेल.

आता खरी डोकेदुखी. कडा डबल दिसतायत, कधी उभ्या कधी आडव्या. मी इथेच अडकायचो, कारण हात हलल्याचा ब्लर आणि स्टॅबिलायझर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा लेन्समधला भाग) बिघडल्याचा ब्लर दिसायला सेम. भिंतीवर पेपर चिकटवा, झूम पूर्ण लांब करा, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद, २ सेकंदांचा टायमर, लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, मोठं करून हाताने फोकस. हाच फोटो मऊ आला तर स्टॅबिलायझरमागे लागू नका, दोष बहुतेक काचांच्या जुळणीत आहे. शार्प आला तर कॅमेरा हातात घ्या, शटर १/१००० सेकंद ठेवा, दहा फोटो स्टॅबिलायझर बंद ठेवून, दहा चालू करून. १/६० वर ही टेस्ट करणारे लोक बघितलेत मी, अरे ४०० एमएमच्या लांब झूमला तिथे स्टॅबिलायझर बंद केला की फोटो हलणारच, त्यातून काय कळणार! बटण अर्धं दाबून सेकंदभर थांबा, चित्र स्थिर झालं की मगच पूर्ण दाबा, आणि स्टॅबिलायझरचा मोड पॅनिंगचा (हलत्या वस्तूमागे कॅमेरा फिरवण्याचा) नको, नॉर्मलच ठेवा. एका फोटोवरून निकाल लावू नका, हा बिघाड लपाछपी खेळतो. बंद असताना सगळे शार्प आणि चालू केल्यावर बरेचसे डबल, तर स्टॅबिलायझरचं मॉड्यूल गेलंय.

दुरुस्तीला देताना दोन्ही सेटचे फोटो कार्डवर न्या, कॅमेऱ्याची बॉडीही सोबत न्या, नुसतं 'ब्लर येतंय' म्हटलं तर क्लीनिंग करून परत हातात देतात.