लँथॅनमची गोळी: गिळू नका, चावा

देवगडला आमच्या घरी आप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, डायलिसिस सुरू होऊन तीन वर्षं झाली. क्रिएटिनिन, पोटॅशियम हे शब्द घरात लवकर रुळले. रक्तात साठणारा फॉस्फरस उशिरा कळला आणि तो कमी करणारी लँथॅनम कार्बोनेटची गोळी त्याहून उशिरा. पहिले दोन महिने आप्पा ती रात्री झोपताना घोटभर पाण्याबरोबर गिळायचे. रिपोर्टात फॉस्फरस काही सातच्या खाली येईना. गोळी हातात देताना कशी घ्यायची ते कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या घरी असे दोन महिने फुकट जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

गोळी पोटात काय करते ते एकदा कळलं की वेळ चुकत नाही. लँथॅनम हे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांपैकी एक, आणि फॉस्फेटशी त्याची गाठ फार घट्ट बसते. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट सापडतं, ते म्हणजे याच मूलद्रव्यांचं फॉस्फेट. वर्षानुवर्षं लाटा खाऊनही ते विरघळत नाही. (आपल्या रत्नागिरीकडे किनाऱ्यावर काळ्या रेतीचे पट्टे दिसतात, ते मुख्यतः इल्मेनाइटचे. ते टायटॅनियमचं खनिज, वेगळं.) तीच गाठ आप्पांच्या पोटात बसते. जेवणातलं फॉस्फेट लँथॅनम धरून ठेवतं, ते रक्तात न जाता शौचावाटे निघून जातं. लँथॅनम स्वतःही रक्तात अगदी नगण्य उतरतं. म्हणजे पोटात अन्न असेल तेव्हाच तिचं काम. रिकाम्या पोटी घेतली तर धरायला काही नसतंच.

आता रीत. आप्पांच्या ताटात भाताचे शेवटचे दोन घास उरले की मी गोळी देते. ती पूर्ण भुगा होईपर्यंत चावायची, मगच गिळायची. पहिल्या दिवशी आप्पा म्हणाले, "ही खडू चावल्यासारखी लागता गो!" खरंच तशीच लागते. त्यांचे दाढेकडचे दात नाहीत, त्यामुळे हल्ली मी वेलची कुटायच्या छोट्या खलबत्त्यात तिची पूड करते आणि चमचाभर मऊ भातात कालवून लगेच भरवते. खलबत्त्याच्या तळाला चिकटलेली पूडही त्याच भाताने पुसून घ्यायची, नाहीतर डोस कमी पडतो. यात एक मोठी सोय आहे: पाणी लागत नाही. ज्यांना दिवसाचं पाणी मोजून प्यावं लागतं, त्यांना तो एक घोटही मोलाचा असतो.

दिवसाच्या गोळ्या जेवणांत कशा वाटायच्या ते डॉक्टरांना नीट विचारा. आमच्याकडे 500 मिलिग्रॅमच्या दोन दुपारी आणि एक रात्री, कारण मासे दुपारी असतात. सकाळी नुसती पेज, तेव्हा गोळी नाही. आणि गोळी आहे म्हणून काहीही खायचं असं नाही. मोदकं, तारली असे बारीक मासे काट्यांसकट चावून खाल्ले की हाडांतला फॉस्फरसही पोटात जातो. आप्पांना मी काटे काढून बांगड्याचा छोटा तुकडाच देते. सुकटीत मीठही भरपूर, ती बंदच केली. कोला आणि डबाबंद चीजमधलं मिसळलेलं फॉस्फेट तर माशातल्यापेक्षाही सहज रक्तात जातं. पाकिटावर फॉस्फेट हा शब्द दिसला की मी ते परत ठेवते.

थायरॉइडची गोळी किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक्स चालू असतील तर लँथॅनम त्यांनाही धरून बसतं. किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारून घ्या. मळमळ, बद्धकोष्ठता होऊ शकते. पोट फुगून दुखतंय आणि शौचाला होतच नाही, अशा वेळी घरी वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

एक्स-रे काढायचा असेल तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. आप्पांच्या पोटाच्या एक्स-रेत आतड्यात पांढरे ठिपके उमटले होते, चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे. तिथले डॉक्टर बराच वेळ फिल्म उजेडाकडे धरून उभे होते. मी गोळीचं नाव सांगितलं तेव्हा उलगडा झाला.

दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या याच कुटुंबातल्या गॅडोलिनियमबाबत मात्र जास्त सावध राहा. एमआरआयचं चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधात, म्हणजे कॉन्ट्रास्टमध्ये, ते असतं. 1988 पासून ते वापरात आहे आणि निरोगी मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. सुटं गॅडोलिनियम विषारी, म्हणून ते रेणूच्या पिंजऱ्यात बंद करून देतात. मूत्रपिंडं निकामी असली की ते शरीरात रेंगाळतं आणि कच्चा पिंजरा उघडतो. 2006 मध्ये लक्षात आलं, की अशा काही रुग्णांची कातडी दगडासारखी कडक होऊन सांधे आखडतात ते यामुळेच. आता अधिक घट्ट, वलयाकार पिंजऱ्याची औषधं आहेत आणि त्यांत हा धोका फारच कमी. तरी एमआरआय ठरला की दोन गोष्टी स्वतःहून बोला: "पेशंट डायलिसिसवर आहे" आणि "कॉन्ट्रास्ट खरंच लागणार असेल तर कुठलं देणार?" शिवाय डायलिसिसची पाळी त्यानंतर लगेच लावता येईल का, हेही विचारा. आप्पांच्या फायलीच्या पहिल्याच पानावर मी हे लाल पेनाने लिहून ठेवलंय, मी सोबत नसले तरी वाचणाऱ्याला दिसावं म्हणून.