आयफोन रिस्टोअरला लावण्याआधी: सही अडू नये म्हणून

फोन ॲपलच्या लोगोवर अडकला की घरातला जाणता मुलगा लॅपटॉप उघडतो, केबल लावतो आणि थेट रिस्टोअर दाबतो, म्हणजे फोन पुसून त्यात आयओएस (आयफोनची सिस्टिम) नव्याने घालायला लावतो. मग ‘एरर ३१९४’ येतो, नाहीतर हा फोन या बिल्डसाठी पात्र नाही असा संदेश येतो, आणि फोन मेला असं सगळे ठरवून टाकतात. फोन बहुतेक वेळा ठणठणीत असतो. अडलेली असते ती ॲपलची सही, म्हणजे ते व्हर्जन या फोनवर बसवायला ॲपलच्या सर्व्हरकडून मिळणारी परवानगी, आणि ती का अडेल हे रिस्टोअरला हात लावण्याआधीच बरंचसं कळू शकतं.

आधी सही मिळते कशी ते पाहू. रिस्टोअर सुरू झालं की काँप्युटर त्या चिपचा स्वतःचा नंबर, फर्मवेअरच्या (फोनमध्ये बसणाऱ्या आयओएसच्या) फाइलमधल्या भागांचे हॅश (मजकुरावरून काढलेले ओळखीचे आकडे) आणि फोनने त्या वेळेपुरता तयार केलेला एक आकडा ॲपलच्या सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हरचा पत्ता जीएस डॉट ॲपल डॉट कॉम. ते व्हर्जन ॲपल अजून साइन करत असेल तर त्याच फोनपुरतं तिकीट परत येतं आणि काम पुढे सरकतं. तो वेळेपुरता आकडा २०११ मध्ये आयओएस ५ सोबत आला. त्याआधी तिकीट जपून ठेवून पुन्हा वापरता यायचं. जुनं व्हर्जन परत घाला म्हणणारे कितीतरी व्हिडिओ त्या काळातल्या युक्त्या आजही सांगत बसलेत, त्यांच्या नादी लागू नका.

म्हणून पहिली तपासणी फाइलची. तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी आज कुठलं व्हर्जन साइन होतंय ते बघा; आयपीएसडब्ल्यू डॉट मी या साइटवर मॉडेल निवडलं की साइन होणारी व्हर्जन हिरवी दिसतात. नवं व्हर्जन आल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत मागच्याची सही बंद होते. दर सप्टेंबरात, चवथीच्या आगेमागे, नवं मोठं आयओएस येतं आणि ‘मागचंच बरं होतं’ म्हणणाऱ्यांची रांग लागते. मागे जायचंच असेल तर त्या थोड्या दिवसांतच, नंतर वाट नाही. मात्र नव्या व्हर्जनवर घेतलेला बॅकअप जुन्यावर चढत नाही, हे मागे जाण्याआधी लक्षात घ्या. जुन्या फोनला हा त्रास कमी. आयफोन ७ ची गाडी आयओएस १५ वर थांबली आहे, त्यामुळे त्या मालिकेतलं सगळ्यात शेवटचं व्हर्जन घेतलं की झालं. मॉडेलमध्ये मात्र गल्लत नको. बारा आणि बारा मिनी यांच्या फाइली वेगळ्या असतात, आणि चुकीची दिली तर फाइल या फोनशी जुळत नाही एवढंच कळतं.

आता डाउनलोड. नव्या फोनची फाइल सात-आठ जीबीच्या घरात जाते, कधी त्याहूनही मोठी. वाळपई-केरीच्या बाजूला पुष्कळ घरांत इंटरनेट म्हणजे मोबाइलचाच डेटा, आणि रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक संपला की स्पीड रांगायला लागतो. काँप्युटरला रिस्टोअरच्या वेळीच फाइल उतरवायला लावली तर आणखी एक घोळ होतो: डाउनलोड पंधरा मिनिटांपेक्षा लांबलं की फोन रिकव्हरी मोडमधून (पडद्यावर केबलचं चित्र दाखवत काँप्युटरची वाट बघण्याच्या अवस्थेतून) आपोआप बाहेर पडतो आणि पुन्हा बटणं दाबत बसावं लागतं. त्यापेक्षा फोंड्याला किंवा पणजीला ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडून फाइल आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर आणा. पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला हवा. फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, आणि विंडोज त्यावर जो संदेश देतं त्यातून कोणालाच नीट बोध होत नाही. लॅपटॉपवर कॉपी झाल्यावर तिचा हॅश साइटवरच्या हॅशशी जुळवा. विंडोजमध्ये सर्टयुटिल आणि मॅकवर शासम ही कमांड ते काम करते. अर्धवट उतरलेली फाइलही बाहेरून अगदी धडधाकट दिसते. डिस्कवर फाइलच्या दुप्पट तरी जागा मोकळी ठेवा, कारण रिस्टोअर करताना ती उलगडते.

सही मागायला मात्र डेटा अगदी किरकोळ लागतो. फाइल हातात असेल तर रिस्टोअरच्या वेळी दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट पुरतो. उलट कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर फाइल झपाट्याने उतरेल, पण तिथल्या फायरवॉलमुळे (नको ती कनेक्शन अडवणाऱ्या पहाऱ्यामुळे) कदाचित सहीचा सर्व्हरच सापडणार नाही. तसा संशय आला तर नेटवर्क बदलणं हा पहिला उपाय. व्हीपीएन बंद करा, जाहिराती अडवणारं डीएनएस लावलं असेल तर तेही काढा, अँटीव्हायरस थोडा वेळ थांबवा.

काँप्युटर कुणाचा आहे यावरही बरंच ठरतं. दुकानातला किंवा मामेभावाचा जुना डेस्कटॉप असेल तर त्याची हॉस्ट्स फाइल, म्हणजे कुठली साइट कुठल्या पत्त्यावर शोधायची हे सांगणारी यादी, उघडून बघाच. विंडोजमध्ये ती सिस्टिम३२ च्या आत ड्रायव्हर्स आणि त्याच्या आत ईटीसी या फोल्डरात असते. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्याशिवाय ती सेव्ह होत नाही. जेलब्रेकच्या, म्हणजे ॲपलची बंधनं तोडून फोन वापरण्याच्या, दिवसांत लोक तिकीट साठवणारी छोटी सॉफ्टवेअर वापरायचे, आणि ती ॲपलच्या सहीचा पत्ता दुसरीकडे वळवणारी ओळ या फाइलीत घालायची. सॉफ्टवेअर उडवलं तरी ओळ तशीच राहते. वर्षांनी कुणी तिथे नवा फोन जोडतो आणि ३१९४ बघून डोकं धरतो. जीएस डॉट ॲपल डॉट कॉम असलेली कुठलीही ओळ दिसली की ती पुसा, सेव्ह करा, काँप्युटर रीस्टार्ट करा. तारीख आणि वेळही बघा. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असेल तर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, मग सुरक्षित कनेक्शनच जुळत नाही आणि सर्व्हर चालू असूनही काँप्युटर त्याला ओळखत नाही. विंडोजवर आयट्यून्स किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं ॲपल डिव्हाइसेस ॲप ताजं असू दे. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून हे काम फाइंडर करतो, तिथे मॅकओएस अपडेट केलेलं असलं की पुरे.

सगळेच एरर सहीचे नसतात. ३००४, ३०१४, ३१९४ ही मंडळी सर्व्हरशी बोलणं जमत नसल्याची. ९, ४००५, ४०१३, ४०१४ आले तर फोन मध्येच सुटतोय. तिथे हॉस्ट्स फाइल खणून काही मिळणार नाही. केबल आणि पोर्ट बघा. किनाऱ्यावर, हरमल-मोरजीच्या बाजूला, खाऱ्या वाऱ्याने चार्जिंग पोर्टमधल्या पिना हिरव्या पडतात, आणि पावसाळ्यात तर घरातली प्रत्येक वस्तू घाम गाळत असते. चार्जिंग होतंय म्हणजे पोर्ट चांगला आहे असं नाही, डेटाच्या पिना वेगळ्या असतात. हब मध्ये न घालता चांगली केबल थेट काँप्युटरच्या पोर्टला लावा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असू दे. डेस्कटॉप असेल तर जून-जुलैत इन्व्हर्टरशिवाय सुरुवात करू नका; गडगडाट सुरू झाला की वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि अर्धवट रिस्टोअर झालेला फोन पुन्हा सगळं पहिल्यापासून मागतो.

फोन चालू होत असेल तर बॅकअप घ्या, आणि तोही एन्क्रिप्टेड, म्हणजे पासवर्ड लावलेला. साध्या बॅकअपमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि हेल्थचा डेटा येत नाहीत. पासवर्ड कागदावर लिहा, तो विसरलात तर बॅकअप निकामी. फोन चालूच होत नसेल तर रिकव्हरी मोडमध्ये आधी ‘अपडेट’ करून बघा. त्यात आयओएस नव्याने बसतं पण डेटा पुसला जात नाही. आपण आणलेली फाइल वापरायची तर विंडोजवर शिफ्ट आणि मॅकवर ऑप्शन दाबून ठेवून मग त्या बटणावर क्लिक करा. आयफोन ८ पासून पुढच्या फोनांत व्हॉल्यूम वाढवायचं बटण दाबून सोडा, मग कमी करायचं दाबून सोडा, आणि बाजूचं बटण केबलचं चित्र येईपर्यंत धरून ठेवा. लोगो दिसला की हात काढणारे पुष्कळ; तेव्हा सोडू नका.

फोन बोटीवर काम करणाऱ्या भावाने आणलेला, गल्फहून आलेला किंवा सेकंडहँड असेल तर ॲपल आयडीची खात्री आजच करून घ्या. ॲक्टिव्हेशन लॉक २०१३ च्या आयओएस ७ पासून आहे आणि रिस्टोअरने तो निघत नाही. सही व्यवस्थित मिळेल, आयओएस बसेल, आणि शेवटी पडद्यावर आधीच्या मालकाचा पासवर्ड मागितला जाईल. भाऊ समुद्रात असेल तर त्याची बोट बंदराला लागण्याची वाट बघावी लागेल.

सॅमसंगवाल्यांची गोष्ट निराळी. ओडिन या काँप्युटरवरच्या प्रोग्रामने फर्मवेअर घालताना सर्व्हरकडून सही मागावी लागत नाही, ती फाइलमध्येच असते. पण फोन स्वतःच्या बूटलोडरचा (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) आकडा लक्षात ठेवतो आणि त्याहून खालचा घेत नाही. बिल्ड नंबरच्या शेवटून पाचवं अक्षर फोनमधल्यापेक्षा खालचं असलेली फाइल घेऊ नका.

शेवटची तयारी रिस्टोअरनंतरच्या दिवसाची. यूपीआय ॲप फोन नवा समजून सिमवरून एसएमएस पाठवायला लावतं, तेव्हा सिमवर एसएमएस जाईल एवढा रिचार्ज हवा. ई-सिम असेल तर ते पुन्हा कसं चालू होतं ते कंपनीच्या गॅलरीत आधी विचारून ठेवा. आणि हे सगळं शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला निघायच्या तासभर आधी काढू नका, नाहीतर खिशात रोख पैसे घेऊन निघा.